गाणी हरवलेलं रेडिओ केंद्र

मंडळी, आज रेडिओवरून एका रेडिओ केंद्राचीच गोष्ट सांगतो. गंमत अशी, की हे केंद्र कधी अस्तित्वातच नव्हतं. ते होतं फक्त दूरचित्रवाणीच्या पडद्यावर. नाव डब्ल्यूकेआरपी, मुक्काम अमेरिकेतलं सिनसिनाटी शहर.

सीबीएस वाहिनीवर १९७८ ते १९८२ या काळात ही विनोदी मालिका चालली. तिचा कर्ता ह्यू विल्सन मूळचा जाहिरात व्यवसायातला. अटलांटातल्या एका खऱ्या केंद्रावरची माणसं त्याने जवळून पाहिली होती, आणि तीच थोडा वेष बदलून मालिकेत आली. पहिल्या भागात केंद्र अगदी मरणपंथाला लागलेलं. दिवसभर गुळगुळीत, पेंग आणणारं संगीत. मग नवा कार्यक्रमप्रमुख येतो आणि सांगतो, उद्यापासून नाही, आत्तापासून रॉक! जॉनी फीव्हर नावाचा निवेदक चालू तबकडीवरची सुई खर्रकन ओढतो आणि दुसरी तबकडी लावतो. त्या एका ओरखड्यात केंद्राचं नशीब पालटतं.

या मालिकेत गाणं म्हणजे नुसतं पार्श्वसंगीत नव्हतं, पात्रच होतं. एका भागात बिचारे व्यवस्थापक कार्लसनसाहेब निवेदकाच्या खोलीत येतात. पिंक फ्लॉइडचं ‘डॉग्ज’ चालू असतं. साहेब कान टवकारून विचारतात, यात कुत्री भुंकतायत का? आता गाणंच काढून घेतलं, तर या विनोदाचं काय उरणार?

आणि नेमकं तेच झालं. त्या काळी फिल्मऐवजी व्हिडिओ टेपवर चित्रण केलं, तर गाण्यांच्या परवान्याचा खर्च कमी पडे. म्हणून मालिका टेपवर झाली आणि खरी, गाजणारी गाणी तिला परवडली. पण परवाने होते ठरावीक मुदतीचे. मुदत संपली आणि पुनःप्रक्षेपणात मूळ गाण्यांच्या जागी कुणाचंच नसलेलं, भाड्याचं संगीत आलं. काही ठिकाणी संवाद गाण्यावरच बोललेले होते. तिथे दुसऱ्याच कलाकारांकडून आवाजाची नक्कल करून ते पुन्हा भरावे लागले! २००७ साली पहिल्या वर्षाचे भाग डीव्हीडीवर आले, तेव्हाही अनेक गाणी बदललेलीच होती.

आपल्या पिढीला हे दुःख लगेच कळेल. रेडिओ सिलोनवर सकाळी आठच्या सुमाराला सैगल लागायचा. समजा, कुणी ती सकाळ जपून ठेवली, निवेदकाचा आवाज तोच, वेळ तीच, पण सैगलच्या जागी भलतीच कुठलीशी धून. त्याला सिलोन म्हणायचं का?

पुढे पडद्यावरच्या काही गाजलेल्या काल्पनिक केंद्रांवर गाण्यांपेक्षा बोलणंच जास्त आलं. ‘मिडनाइट कॉलर’मधला निवेदक रात्री लोकांचे फोन घेई. ‘फ्रेझर’मधला मानसोपचारतज्ज्ञ १९९३ पासून अकरा वर्षं सिएटलच्या केएसीएल केंद्रावरून सल्ले देत होता. यामागे परवान्यांचा हिशेबच होता असं मी म्हणणार नाही. ऐंशीच्या दशकात खऱ्या अमेरिकेतही संगीत एफएमवर गेलं होतं आणि एएम केंद्रं बोलण्याकडे वळत होती. डब्ल्यूकेआरपी हे एएमच होतं, म्हणजे मावळत्या जगातलं. शेवटच्या भागात तर कळतं, की करात सूट मिळावी म्हणून केंद्र तोट्यात चालावं, हीच मालकीणबाईंची पहिल्यापासून इच्छा होती. बाकीची मंडळी मात्र चार वर्षं ते वर आणण्यासाठी जिवाचं रान करत होती.

२०१४ मध्ये एका कंपनीने चिकाटीने परवाने मिळवून संपूर्ण मालिकेचा डीव्हीडी संच काढला. बरीचशी गाणी परत आली, सगळी नाही. उरलेल्यांसाठी आजही भिस्त आहे ती कुणीतरी त्या वेळी घरच्या व्हीसीआरवर उतरवून ठेवलेल्या खरखरीत कॅसेटींवर.