स्वप्नदृष्टांत

स्वप्नदृष्टांत : देव, गुरू किंवा पूर्वीचा संत झोपेत दिसून आज्ञा, मंत्र अथवा एखाद्या जागेचा ठावठिकाणा सांगतो, अशा श्रद्धेचा अनुभव. नुसते ‘दृष्टांत’ असेही म्हणतात. ग्रामीण बोलीत ‘देवानं सपनात येऊन सांगितलं’ एवढ्यावर भागते. स्वप्नांविषयीच्या मराठी वाङ्मयात स्वप्नफळे सांगणारे ग्रंथ आहेत, वेदान्तातील स्वप्नविचार आहे, ओव्या आहेत, नाटके आहेत. पण या भाषेने स्वप्नाला जे खास काम दिले ते भविष्य सांगण्याचे नव्हे, अधिकार देण्याचे. जागेपणी ज्याला कोणी काही लिहू, जपू, शिकवू दिले नसते, त्याच्यासाठी स्वप्न ही सनद ठरली. या नोंदीत त्या अंगाचा विचार मुख्यतः बिदर आणि कलबुरगी या सीमाजिल्ह्यांच्या आधारे केला आहे. बसवकल्याण तालुक्यातील कोहिनूर आणि त्याच्या आसपासचा हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत तो म्हैसूर (आताच्या कर्नाटक) राज्यात गेला. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि दखनी असे येथे सर्रास चालते, आणि स्वप्नांच्या कथांनीही भाषांच्या हद्दी कधी पाळल्या नाहीत.

या भागातील सर्वांत जुनी मोठी स्वप्नमालिका जैन परंपरेतील आहे. कलबुरगी जिल्ह्यातील मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. नवव्या शतकात सम्राट अमोघवर्षाचे गुरू जिनसेन यांनी संस्कृतात आदिपुराण रचले. त्यात ऋषभदेवांच्या जन्मापूर्वी माता मरुदेवीला पडलेली सोळा स्वप्ने येतात. दिगंबर परंपरा तीर्थंकरमातेची स्वप्ने सोळा मानते, श्वेतांबर परंपरा चौदा. याच ग्रंथात भरत चक्रवर्तीलाही सोळा स्वप्ने पडतात आणि ऋषभदेव त्यांचा अर्थ लावतात. आईची स्वप्ने मंगल आहेत, मुलाची येणाऱ्या पडत्या काळाची. मंदिरांतील चित्रांनी मात्र आईचीच स्वप्ने उचलली.

बाराव्या शतकातील शरणांच्या (वीरशैव संतांच्या) कथांत स्वप्न हुकूम देऊ लागते. हरिहर कवीच्या कन्नड रगळेनुसार तरुण बसवण्णा कूडलसंगम सोडायला तयार नव्हते. तिथला देव संगमनाथ यानेच स्वप्नात येऊन त्यांना बिज्जळ राजाच्या मंगळवाड्यास जाण्यास सांगितले. हे मंगळवाडे म्हणजे आजच्या सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे, असे अभ्यासक मानतात. पुढे बसवण्णांचे कार्यक्षेत्र झालेले कल्याण म्हणजेच बसवकल्याण. त्याच कल्याणात आलेल्या अक्कमहादेवींच्या एका वचनात भिक्षेला आलेल्या जटाधारी जोग्याचे स्वप्न आहे. ते स्वप्न त्या आपल्या सखीला सांगतात : जोगी निघून जाऊ लागताच त्यांनी त्याचा हात धरला. येथे आज्ञा नाही, ओढ आहे. मराठी विराण्यांचे (विरहगीतांचे) नाते जोडायचे तर ते या वचनाशी जुळते.

मराठीत या मुलखाचा स्वप्नग्रंथ म्हणावा असा ग्रंथ म्हणजे सरस्वती गंगाधर यांचे गुरुचरित्र. भीमा-अमरजा संगमावरील गाणगापूर (अफजलपूर तालुका, कलबुरगी जिल्हा) हे दत्तावतार मानलेले गुरू नृसिंह सरस्वती यांचे क्षेत्र, आणि ग्रंथकर्त्याचे पूर्वज सायंदेव यांचे कडगंची हे गाव आळंद तालुक्यातले. आपल्याला मराठी भाषा नीट येत नाही, असे ग्रंथकार आरंभीच सांगतो. घरची भाषा कन्नड असलेल्या माणसाने लिहिलेला हा ग्रंथ मराठी घरांतील सर्वाधिक पारायणाच्या पोथ्यांपैकी एक झाला. ग्रंथाची सुरुवातच स्वप्नातून होते. गुरूच्या शोधात निघालेला नामधारक थकून झोपतो, त्याला अवधूत दिसतो, आणि जागा होऊन चालू लागल्यावर सिद्धमुनी भेटतात. पुढची सगळी कथा म्हणजे या सिद्धाने नामधारकाला सांगितलेली हकीकत.

ग्रंथाच्या उत्तरार्धात दोन कवींच्या गोष्टी आहेत आणि दोन्हींचा सांधा स्वप्न हाच आहे. नंदी नावाचा ब्राह्मण कोडाने ग्रासलेला. त्याने आधी तुळजाभवानीची सेवा केली. देवीने स्वप्नात सांगितले, चंदला परमेश्वरीकडे जा. हे स्थान म्हणजे चितापूर तालुक्यातील भीमाकाठचे सन्नती. तिथे काही महिने काढल्यावर पुन्हा स्वप्न पडले : गाणगापुरास जा. नंदी चिडतो. देवी असून मला माणसाकडे कसे पाठवते, हा त्याचा सवाल अगदी रास्त आहे. गाणगापुरात पोचल्यावर गुरू तोच सवाल उलटून त्याला विचारतात. संगमस्नानाने व्याधी जाते, पण मनातल्या संशयाएवढा एक डाग मांडीवर उरतो. तो घालवायला गुरू सांगतात, कवित्व कर. लिहिता-वाचता न येणाऱ्या नंदीच्या जिभेवर भस्म पडते आणि तो स्तोत्र रचू लागतो.

दुसरा कवी नरहरी, हिप्परगे गावचा. त्याने आपली वाणी कल्लेश्वराच्या लिंगालाच वाहिलेली, म्हणून गुरूंवर कविता करायला तो साफ नकार देतो. मग पूजेच्या वेळी त्याला झोप लागते आणि दिसते की लिंगावर नृसिंह सरस्वती बसले आहेत व आपण त्यांचीच पूजा करीत आहोत. जागा झालेला नरहरी शिष्य होतो. निष्ठेने ‘नाही’ म्हणणाऱ्या कवीचे मन वळवायला वाद घालून भागले नसते, हे पोथीकाराने ओळखले होते. संप्रदायाच्या दृष्टीने ही गुरुमहिम्याची कथा आहे. वाङ्मयाच्या दृष्टीने ती कवीच्या विषयनिष्ठेवरची आपल्याकडची फार जुनी आणि बारकाईची गोष्ट आहे.

या ग्रंथाने वाचकाच्या झोपेचीही व्यवस्था लावली आहे. सात दिवसांच्या पारायणाचे जे नियम छापील प्रतींच्या आरंभी असतात, त्यांत वाचकाने रात्री देवाजवळ चटईवर किंवा धाबळीवर, डाव्या कुशीवर झोपावे, म्हणजे दृष्टांत होतो, असे सांगितलेले असते. सप्ताह संपल्यावर ‘काही दिसलं का?’ हा प्रश्न दत्तभक्तांच्या घरांत आजही सहज विचारला जातो. काही दिसले नाही तर त्याचा बोभाटा कोणी करीत नाही.

कोहिनूरच्या पट्ट्यातून महाराष्ट्राच्या वाङ्मयाकडे जाणारा खरा मोठा धागा मात्र आळंदचा आहे. कलबुरगी जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव लाडले मशायख यांच्या दर्ग्यासाठी प्रसिद्ध असून, त्याच आवारात राघवचैतन्यांचे स्थान मानले जाते. तेथील पूजेच्या हक्काचा वाद अलीकडच्या वर्षांत न्यायालयापर्यंत गेला आहे. राघवचैतन्य, केशवचैतन्य, बाबाजी ही तुकारामांची गुरुपरंपरा. आणि ती तुकारामांना कळली ती स्वप्नात. त्यांच्या अभंगात हा प्रसंग विलक्षण घरगुती तपशिलांनी आला आहे. गंगास्नानाला जाताना वाटेत गुरू भेटले, मस्तकावर हात ठेवला, भोजनासाठी पावशेर तूप मागितले, आणि स्वप्नात त्याचा विसर पडला. मग गुरूंनी घाईने परंपरेतील दोन नावे आणि स्वतःचे बाबाजी हे नाव सांगितले, ‘रामकृष्णहरि’ हा मंत्र दिला. दिवस माघ शुद्ध दशमी, गुरुवार. द्यायचे राहून गेलेले तूप आणि तिथी-वार यांमुळे हा अनुभव अलौकिक न वाटता घडलेल्या व्यवहारासारखा वाटतो. बाबाजींची समाधी जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे दाखवतात.

तुकारामांचे दुसरे स्वप्न कवितेचे. नामदेव पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले, त्यांनी जागे केले आणि कवित्व करण्याचे काम सांगितले. नामदेवांनी शतकोटी अभंगांचा संकल्प केला होता, त्यातले उरलेले तुकारामांनी पुरे करायचे. यातही हिशेब आहे, विठ्ठलाने माप धरले आहे. देहूच्या कुणब्याने, मोऱ्यांच्या घरातल्या वाण्याने वेदार्थ प्राकृतात का सांगावा, हा प्रश्न त्यांचे विरोधक रामेश्वरभट्ट यांच्या तोंडून उभा राहतो, तेव्हा वारकरी कथेतले उत्तर या स्वप्नाचेच असते : आज्ञा आहे.

तुकारामांना जे बाबाजींनी दिले ते बहिणाबाईंना तुकारामांनी दिले, आणि तेही स्वप्नात. संत बहिणाबाई (१६२८–१७००) देवगावच्या कुलकर्ण्यांची मुलगी. लहानपणीच वयाने खूप मोठ्या बिजवराशी लग्न झाले. कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनातून तुकारामांचे अभंग कानी पडले. तिच्या लळ्याचे वासरू मेले, ती काही दिवस शुद्ध हरपून पडली, आणि त्या अवस्थेत तुकाराम दिसले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, कानात मंत्र सांगितला. ही तारीखही तिने नोंदवली आहे : शके १५६९, कार्तिक वद्य पंचमी, रविवार. ब्राह्मण बाईने शूद्र गुरू करावा हे नवऱ्याला सहन होण्यासारखे नव्हते. त्याची मारझोडही तिच्या आत्मनिवेदनात आहे. आदिनाथापासून ज्ञानेश्वर, सच्चिदानंद, विश्वंभर, राघव, केशव, बाबाजी, तुकाराम आणि स्वतः अशी जी परंपरा तिने दिली, तिच्या शेवटच्या दोन कड्या केवळ स्वप्नाने जोडलेल्या आहेत. प्रत्यक्ष दीक्षेचा आग्रह धरला असता तर या यादीत तुकारामांचे नाव बसले नसते, आणि तिचे तर नाहीच नाही.

पैठणचे एकनाथ ब्राह्मण, विद्वान, गुरूचे पाठबळ असलेले. त्यांनाही एका कामासाठी स्वप्न लागले. आळंदीच्या समाधीतल्या ज्ञानेश्वरांनी स्वप्नात येऊन अजानवृक्षाची मुळी गळ्याला लागल्याचे सांगितले. एकनाथांनी जाऊन ती दूर केली, अशी कथा. शके १५०६ (१५८४) मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तिच्यात कोणी पदरची ओवी घालू नये असे बजावले. गळ्याला बसलेला विळखा आणि पाठात शिरलेले अपपाठ यांचा संबंध कथाकारांनी मुद्दाम जोडला असावा. इतरांच्या मजकुराला हात लावण्यापूर्वी मूळ लेखकाची परवानगी घेणारा हा संपादक आजच्या संपादकांनी पाहावा असा आहे.

समर्थ रामदासांचे ‘आनंदवनभुवनी’ हे प्रकरण वेगळ्या जातीचे. रात्री स्वप्नात पाहिलेले आता डोळ्यांसमोर घडते आहे, अशी त्याची मांडणी आहे. येथे स्वप्नाने कवीला अधिकार दिलेला नाही, मराठी राज्याला दिला आहे.

गंमत अशी, की याच परंपरेच्या तत्त्वज्ञानात स्वप्न हे खोटेपणाचे प्रमाणभूत उदाहरण. गौडपादांच्या कारिकांपासून चालत आलेला हा विचार मराठीत मुकुंदराजांच्या विवेकसिंधूत आणि ज्ञानेश्वरीत भरपूर येतो. जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुर्या या चार अवस्थांची भाषा कीर्तनांतून गावोगाव पोचली. संसार स्वप्नासारखा मिथ्या आणि गुरूचा मंत्र स्वप्नातला असूनही सत्य, ही दोन्ही विधाने एकाच कीर्तनात शेजारी येतात आणि श्रोत्यांना त्यात विसंगती वाटत नाही. हरिश्चंद्राची लोकप्रचलित कथाही याच वळणाची : राज्य स्वप्नात दिले, तरी दिले ते दिले.

बोलभाषेत मात्र स्वप्नाविषयीचा सूर बराच संशयी आहे. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही म्हण दृष्टांताचा सगळा डोलाराच मोडते. ‘पहाटेचे स्वप्न खरे होते’ ही समजूत तो थोडा सावरते. ‘मला स्वप्न पडले’ या रचनेत माणूस कर्ता नसतो, आणि कन्नडमध्येही ‘कनसु’ पडतेच. सीमाभागातल्या माणसाला या बाबतीत भाषा बदलली तरी वाक्य बदलावे लागत नाही. पंचांगांतून छापली जाणारी स्वप्नफळे हा वाचकप्रिय पण एकसुरी प्रकार आहे. जात्यावरच्या ओव्यांत सपान येते ते बहुधा विठ्ठलाचे, भावाचे किंवा माहेराचे.

चित्रकलेत स्वप्न दाखवण्याची अडचण उघड आहे : झोपलेला माणूस आणि त्याला दिसणारे दृश्य एकाच चौकटीत कसे बसवायचे? भारहूतच्या शिल्पात (इ.स.पू. दुसरे शतक) निजलेल्या मायादेवीच्या वर हत्ती कोरून हा प्रश्न सोडवला आहे. अजिंठ्याच्या लेणे क्र. २ मध्ये मायादेवीचे स्वप्न, त्याचा अर्थ विचारणे आणि बुद्धजन्म असे प्रसंग भिंतीवर येतात. तिथे स्वप्नापेक्षा त्याविषयीची चर्चा चित्रकाराला अधिक रंगवता आली. उषा-अनिरुद्धाच्या कथेत चित्र हेच स्वप्नाचा पुरावा होते. उषेने स्वप्नात पाहिलेला तरुण कोण, हे चित्रलेखा एकामागून एक राजपुत्रांची चित्रे काढून शोधते. आख्यानांतून हा प्रसंग मराठी श्रोत्यांच्या चांगल्या परिचयाचा झाला.

विसाव्या शतकात स्वप्नाचा अधिकार गेला आणि त्याच्या जागी दुसरे काही आले. धारवाडात राहून लिहिणाऱ्या जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘रमलखुणा’मधील (१९७५) दीर्घकथा स्वप्नाच्या तर्काने चालतात, प्रवासी भेटतात, खुणा मिळतात, पण आज्ञा देणारा कोणी नसतो. सतीश आळेकर यांच्या ‘बेगम बर्वे’ (१९७९) या नाटकात संगीत रंगभूमीच्या आठवणींवर जगणारा, उदबत्त्या विकणारा बर्वे आणि जावडेकर-बावडेकर हे दोन कारकून एकमेकांच्या स्वप्नात शिरतात. कारकुनांना बायको हवी आहे, बर्व्याला स्त्रीची भूमिका. दोन्ही स्वप्ने काही काळ एकमेकांना पुरी पडतात. बर्व्याचा टांगेवाला मालक श्यामराव ती मोडून काढतो. ज्या स्वप्नाने बहिणाबाईंना नवऱ्याच्या मारापुढे टिकवले, तसे स्वप्न या नाटकात कोणालाच पडत नाही.