दम आणि हाड

इ. स. १८९२ च्या ऑक्टोबर महिन्यात युरोपातील दोन साम्राज्यांच्या घोडदळांत एक विलक्षण शर्यत झाली. जर्मन अधिकारी बर्लिनहून व्हिएन्नाकडे निघाले आणि ऑस्ट्रिया-हंगेरीचे अधिकारी व्हिएन्नाहून बर्लिनकडे. अंतर सुमारे ५८० किलोमीटर, स्वार दोनशेच्या आसपास, आणि आरंभापासून शेवटपर्यंत घोडा एकच. काउंट विल्हेल्म श्टारहेम्बर्ग हा ऑस्ट्रियाकडील अधिकारी ७१ तासांहून थोड्या अधिक वेळात बर्लिनला पोहोचला आणि विजयी ठरला. त्याचा घोडा आथोस त्यानंतर लवकरच मेला. वाटेत अथवा मुक्कामी पोहोचल्यावर दगावलेल्या घोड्यांची संख्या वीसच्या वर गेली. बक्षीस वाटले गेले, आणि पाठोपाठ वृत्तपत्रांतून निषेधाचा सूरही उमटला.

हे घोडे निकृष्ट नव्हते. उत्तम पैदाशीचे, उत्तम पोसलेले, रोज खरारा होणारे, संचलनाच्या मैदानावर डौलाने चालणारे असे ते घोडे होते. स्वारही नवखे नव्हते. तरीही निकाल असा लागला, याचे कारण घोड्याच्या देहातच शोधावे लागते. लांबच्या वाटचालीसाठी घोडा तयार करणे म्हणजे त्याला अधिक पळवणे, असा समज फार जुना आहे आणि तो फार महाग पडलेला आहे.

घोड्याच्या शरीराची सर्व अंगे एकाच गतीने कणखर होत नाहीत. मेहनत सुरू केल्यावर हृदय, फुप्फुसे आणि रक्ताभिसरण काही आठवड्यांतच सुधारते. स्वस्थ उभ्या घोड्याचे हृदय मिनिटाला तीस ते चाळीस ठोके देते आणि पूर्ण वेगात दोनशेच्या पुढे जाते. त्यातच त्याची प्लीहा तांबड्या रक्तपेशींचा साठा बाळगून असते आणि धावण्याच्या क्षणी तो रक्तात सोडते. स्नायू त्यानंतर, तीन-चार महिन्यांत, भरतात. पण गुडघ्याखालच्या स्नायुरज्जू, सांध्यांची बंधने, खुरांची घडण आणि मुख्यतः हाड यांना त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो. हाडाची गोष्ट तर विपरीत आहे. नवा भार पडू लागला की शरीर आधी जुने हाड पोखरून काढते आणि मग त्या जागी नवे रचते. मधल्या काळात हाड पूर्वीपेक्षाही नाजूक असते. नेमक्या त्याच काळात घोड्याचा दम वाढलेला असतो, कान ताठ असतात, लगाम ओढून तो पुढे धाव घेऊ पाहतो. स्वाराला वाटते, घोडा तयार झाला. दम तयार झालेला असतो. पाय अजून महिनोन्‌महिने मागे असतात.

डोंगरातील वाट हा फरक अधिकच उघडा पाडते. घोडा उभा असताना त्याचे साठ टक्क्यांच्या आसपास वजन पुढच्या दोन पायांवर असते. उतारावर, पाठीवर स्वार असताना, हा भार आणखी पुढे सरकतो. चढावर घोडा दमला तर तो धापेवरून कळतो. उतारावर दुखावलेला पाय मात्र पुष्कळदा दुसऱ्या दिवशी बोलतो. म्हणून जाणता स्वार चढाला भीत नाही, उताराला भितो, आणि तीव्र उतारावर खाली उतरून घोड्याबरोबर चालू लागतो.

हे शास्त्र प्रयोगशाळेत सिद्ध झाले ते विसाव्या शतकात. त्यातील व्यवहार मात्र घोड्यावर ज्यांचे जिणे अवलंबून होते त्यांना पूर्वीपासून उमगलेला दिसतो. मंगोलांच्या छावण्यांत गेलेल्या पेंग दाया आणि शू तिंग या दोन चिनी दूतांचा वृत्तान्त १२३७ साली सिद्ध झाला. मंगोल स्वारी वसंतात संपते, तेव्हा लढाईत राबलेले चांगले घोडे गवतापाण्यावर मोकळे सोडतात आणि त्यांच्यावर कोणी बसत नाही, असे त्यात नोंदले आहे. पश्चिमेचा वारा सुटण्याची वेळ आली की ते धरून आणतात, तंबूभोवती बांधतात आणि चारापाणी बेताने देतात. महिनाभरात सुटलेली चरबी झडून अंग घट्ट होते; मग शेकडो ली मजल मारली तरी घोड्याला घाम फुटत नाही. शिणलेल्या घोड्याला वाटेत चरू देत नाहीत, कारण ते खाणे अंगी न लागता रोग होऊन बसते. दक्षिणेकडील लोक याच्या उलट करतात आणि म्हणून त्यांचे घोडे आजारी पडतात, अशी टिप्पणीही वृत्तान्तकारांनी जोडली आहे. स्वतः दक्षिणेकडील राज्याचे दूत असून त्यांनी हे लिहिले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

भारतात या विषयाचे सर्वांत काटेकोर टिपण कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात सापडते. उत्तम घोड्याला दोन द्रोण धान्य, एक प्रस्थ स्नेह, पाच पळे मीठ, अशी रोजची चंदी तेथे बांधून दिली आहे. त्याच प्रकरणात घोड्यांच्या मजला ठरवल्या आहेत: रथाच्या घोड्यांना प्रतीनुसार सहा, नऊ व बारा योजने, तर स्वारीच्या घोड्यांना पाच, साडेसात व दहा. पाठीवर भार घेणाऱ्या घोड्याची मजल गाडी ओढणाऱ्यापेक्षा कमी धरली आहे, हे ग्रंथकाराच्या व्यवहारज्ञानाचे लक्षण होय. मिठाचा उल्लेख तर आज अधिकच अर्थपूर्ण वाटतो. घोडा अतोनात घाम गाळतो. कडक उन्हात, सततच्या श्रमात, तासाला दहा ते पंधरा लिटरपर्यंत. माणसाच्या घामात क्षार रक्तापेक्षा कमी असतात; घोड्याच्या घामात ते रक्ताच्या तोडीचे किंवा अधिक असतात. परिणाम असा होतो की पाणी आणि क्षार दोन्ही एकदम गेल्याने रक्ताचा खारेपणा वाढत नाही आणि घोड्याला तहानच जाणवत नाही. ओढ्याकाठी उभा असलेला, सुकत चाललेला घोडा पाण्याला तोंड लावत नाही. कौटिल्याला हे कारण ठाऊक असण्याचा प्रश्न नाही. मीठ दिलेला घोडा पाणी पितो आणि टिकतो, एवढे पाहिलेल्या माणसांचा अनुभव त्याने ग्रंथात आणला असावा.

महाराष्ट्रात या ज्ञानाचा ग्रंथ झाला नाही, शिस्त झाली. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना येते. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि त्या पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. एक पाणी पाहणारा, एक खूर पाहणारा. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर घोडदळ कशाने थांबते याचा विचार ज्याने केला असेल त्यालाच हे प्रमाण सुचावे. वर्षाचा क्रमही बखरीत सांगितला आहे. पावसाळ्यात लष्कर छावणीत. तेथे दाणा, वैरण, औषधे आणि घोड्यांसाठी शाकारलेल्या जागा आधीच सिद्ध. दसऱ्याला कूच. मग आठ महिने परमुलखात, आणि वैशाखात परत. दसऱ्याच्या सीमोल्लंघनाकडे सण म्हणून पाहण्याची आपली सवय आहे. पागेच्या दृष्टीने पाहिले, तर चार महिन्यांच्या विसाव्यानंतर घोड्याच्या अंगावर पुन्हा हळूहळू काम चढवण्याचा तो पहिला दिवस होता. छावणीतून निघालेले घोडदळ पहिल्याच दिवशी भरधाव सुटत नाही. ते मजल दरमजल चालते. आणि रोजच्या चालीनेच पाय आणि खूर घट्ट होत जातात.

ही विश्रांती किती मोलाची मानली जात असे, याची साक्ष शिवाजी महाराजांच्या एका प्रसिद्ध पत्रात आहे. १६७० च्या दशकात चिपळूण भागातील छावणीवरच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांना ते लिहिलेले आहे. दाणा आणि वैरण आताच मन मानेल तशी उधळाल, तर ऐन पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी मरू लागतील आणि त्या हत्येचे धनी तुम्ही व्हाल, असा त्याचा आशय. मग तुम्ही रयतेच्या घरात शिराल आणि रयतेला तुम्ही मोगलांहून वाईट वाटाल, ही धास्तीही त्यात आहे. रात्री दिवा जळता ठेवला तर उंदीर वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजींना आग लागेल, इतक्या बारकाव्यापर्यंत पत्र उतरते. या पत्राचा गौरव बहुधा रयतेविषयीच्या कळवळ्यासाठी होतो आणि तो योग्यच आहे. परंतु घोड्याच्या बाजूनेही ते वाचले जावे. पावसाळ्यात उपासमार झालेला घोडा दसऱ्याला कूच करू शकत नाही, आणि गेलेले मांस पुढच्या आठ महिन्यांच्या धावपळीत भरून येत नाही.

भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी घोड्यांचा लौकिक मराठी सत्तेबरोबर वाढला आणि तिच्याबरोबर ओसरला. आज या जातीची स्वतंत्र नोंद झाली आहे, ती मुख्यतः धनगरांमुळे. मेंढरांच्या मागे बिऱ्हाड पाठीवर घेऊन देश आणि कोकण यांच्या दरम्यान ही लहानखुरी, काटक तट्टे वर्षानुवर्षे चालत आली. शिंगरू आईच्या मागोमाग घाट चढते आणि उतरते. पाठीवर ओझे येण्यापूर्वी त्याच्या पायांची शाळा पुरी झालेली असते.

युरोप-अमेरिकेने व्हिएन्ना-बर्लिनचा धडा एकदम घेतला असे म्हणता येत नाही. १९०२ मध्ये ब्रुसेल्स ते ओस्टेंड या शर्यतीतही घोडे मेले. अमेरिकेत १९१९ पासून पाच दिवसांत तीनशे मैलांच्या चाचण्या होऊ लागल्या. त्यांत वेळेबरोबर शेवटी घोड्याची प्रकृती कशी आहे यालाही गुण ठेवले गेले. खरे वळण आले ते १९५५ साली, कॅलिफोर्नियात. ऑबर्न गावचा वेंडेल रॉबी हा व्यापारी आणि त्याचे चार सोबती टाहो सरोवराच्या परिसरातून निघाले आणि सिएरा नेवाडा पर्वत ओलांडून शंभर मैलांवरील ऑबर्नला एका दिवसात पोहोचले. आजचे घोडे हे करू शकत नाहीत, असे म्हणणाऱ्यांना दिलेले ते उत्तर होते. त्यातून टेविस चषकाची वार्षिक सफर उभी राहिली. साडेआठ हजार फुटांवरील खिंड, मग तापलेल्या दऱ्या, रात्रीच्या अंधारात ओलांडायची अमेरिकन नदी, आणि एकंदर चढापेक्षा उतार जास्त. निघालेल्यांपैकी साधारण निम्मेच पोहोचतात.

या सफरीची कळ मधल्या थांब्यांत आहे. रॉबिन्सन फ्लॅट येथे आणि पुढे फॉरेस्टहिल येथे प्रत्येक घोड्याला तासभर सक्तीने थांबावे लागते. पशुवैद्य नाडी पाहतो. ठरलेल्या वेळात ठोके साठ-चौसष्टपर्यंत उतरले पाहिजेत. हिरड्या दाबून पाहतो, कातडीची चिमटी घेऊन ती किती लवकर सपाट होते हे पाहतो, पोटाला कान लावतो, कारण आतडी गप्प झाली की संकट जवळ आले. शेवटी घोड्याला दुडकीने चालवून दाखवायला सांगतो. लंगडला तर सफर तेथेच संपते. स्वाराचे म्हणणे ऐकले जात नाही. श्टारहेम्बर्गच्या वाटेवर स्वाराला बाजूला सारून घोड्याची बाजू सांगणारा असा अधिकारी नव्हता.

या नियमांनी तयारीची पद्धतच बदलली. टेविसमध्ये सहा वर्षे पुरी न झालेल्या घोड्याला प्रवेश नाही, कारण त्याआधी सांगाडा पक्व होत नाही. नव्या घोड्याला पहिले काही महिने केवळ लांब, संथ चाल आणि हलकी दुडकी. अंतर, वेग आणि चढण यांपैकी एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. अंतर वाढवले तर वेग तोच, चढ वाढवला तर अंतर कमी. मेहनतीच्या दिवसानंतर विसाव्याचा दिवस, कारण हाड आणि स्नायू बांधले जातात ते विसाव्यात. शंभर मैलांचा घोडा घडवायला दोन-तीन वर्षे लागतात, असे अनुभवी स्वार मानतात. घाई केलेला घोडाही पहिल्या हंगामात चमकून जातो. त्याचे हिशेब दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी निघतात.

१९८६ मध्ये रोमजवळ या क्रीडेची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि खेळ डोंगरातून वाळवंटात पोहोचला. आखाती देशांतील सपाट, आखलेल्या मार्गांवर वेग झपाट्याने वाढला. डोंगरात वाट स्वतःच वेगाला आवर घालते; सपाटीवर तो आवर उरला नाही, आणि पायाची हाडे मोडून घोडे मरण्याच्या घटना पुढे आल्या. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने संयुक्त अरब अमिरातीच्या राष्ट्रीय संघटनेला निलंबित केले. २०१६ ची जागतिक स्पर्धा दुबईतून हलवून स्लोव्हाकियात घ्यावी लागली. २०२० मध्ये पुन्हा निलंबनाची पाळी आली. नाडीची परीक्षा तेथेही होत होती आणि घोडे तीत उत्तीर्णही होत होते. ठोके मोजता येतात. हाडातील बारीक चीर दुडकीत दिसेलच असे नाही.

टेविस चषक सर्वांत आधी पोहोचणाऱ्याला मिळतो. त्याखेरीज हॅगिन चषक म्हणून दुसरे एक बक्षीस आहे, आणि जाणते स्वार त्यालाच अधिक मान देतात. पहिल्या दहांत आलेल्या घोड्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उभे केले जाते. रात्रभरात अंग आखडलेले असते, उतारांनी दुखावलेला पाय असेल तर तो आता बोलू लागतो. पशुवैद्य पायांवरून हात फिरवतात, घोड्याला चालवून आणि दुडकीने धाववून पाहतात. जो घोडा या घडीलाही खोगीर चढवून पुढे न्यावा असा दिसतो, चषक त्याला दिला जातो.