हलगीचा सराव कुणी जपला?

कोल्हापूरला कलापूर म्हणतात. शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना इथं आश्रय दिला. खाँसाहेबांच्या गाण्याची एकही तबकडी नाही. तरी त्यांचं गाणं मेलं नाही. शिष्य होते, घराण्याला नाव होतं, लिहून ठेवणारे होते. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांचा आवाज तर १९७७ साली व्हॉयेजर यानातून अवकाशात गेला. आनंद आहे.

पण दोस्तांनो, ह्याच गावात हलगीही वाजत होती. शिवाजी पेठेत मर्दानी खेळातली लाठी हलगीवर फिरते. खासबागेत पैलवानाच्या अंगात वारं भरतं ते हलगीनं. मग हलगीचं घराणं कुठलं? वाजवणाऱ्याच्या आज्याचं नाव काय? कुठल्या पुस्तकात बघू?

मी सूतगिरणीत कामाला. दिवसभर यंत्राचा ठेका कानात. म्हणून मला सराव ऐकायला आवडतो, मिरवणुकीपेक्षा जास्त. जाळ करून कातडं शेकतात. घुमकं ठेका धरतं, कैताळ त्याला बांधून ठेवतं आणि हलगी वर चढते. लिहिलेलं काही नाही. एकानं तोडा टाकला की दुसऱ्यानं तिथल्या तिथं उत्तर द्यायचं. शब्द नाहीत, गाणारा नाही. चुकलं तर चुकलेल्यातनंच नवी चाल निघते.

जर्मनीत कोलोन भागात १९६८ साली ‘कॅन’ नावाचं रॉक पथक जमलं. एका जुन्या गढीत बसून ते तासन्‌तास असंच सुचेल तसं वाजवायचे. याकी लीबेत्साइट ढोलावर एकच ठेका न थकता धरायचा. साध्या दोन ट्रॅकच्या यंत्रावर टेप फिरत असायची. होल्गर चुकाय मग त्या टेपा कापून जोडायचा. १९७१ चा ‘टॅगो मॅगो’ असाच झाला. उरलेल्या टेपांतनं २०१२ साली ‘द लॉस्ट टेप्स’ निघालं. त्यांचा उरलासुरला सरावसुद्धा जगानं इतिहास म्हणून ऐकला.

आपल्याकडं यंत्र उशिरा आलं. ग्रामोफोनची तबकडी तीनेक मिनिटांची. हलगी तेवढ्यात तापतसुद्धा नाही. पुढं कॅसेट आली, भीमगीतं घराघरांत गेली. ते मोठंच काम झालं. पण तिथंही शब्द पुढं आणि वाद्य मागं.

दुसरं कारण जास्त खोल आहे. हलगी आपण हौसेनं घेतली नव्हती. दवंडी, मयत, गावकीची जत्रा. वाजवलं नाही तर भाकरी नाही. १९१८ साली शाहू महाराजांनी संस्थानात महार वतन मोडलं. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेलं ढोर ओढणं सोडायला सांगितलं. त्या वाऱ्यानं कित्येकांनी हलगीही खाली ठेवली. बरोबर केलं. ज्यांनी ठेवली नाही त्यांना पोट होतं. त्यांना नावं ठेवणारा मी कोण?

पण गुलामी गावानं लादली होती. तोडा तर आपल्या माणसाच्या मनगटातनं आला होता. गुलामी टाकताना तोडाही जाळायचा का? माझं म्हणणं, नाही. आता खिशात मोबाईल आहे. सराव टिपा. खरखर येऊ द्या, मधेच कुणी खोकू दे, पोरगं रडू दे. फक्त वाजवणाऱ्याचं नाव, वस्ती आणि तारीख आधी मोठ्यानं बोला, मग वाजवा. नाहीतर उद्या हलगी सिनेमात वाजंल, लग्नात वाजंल, आणि आपला म्हातारा पुन्हा बिननावाचा राहील.