‘इफ’ म्हणजे ‘जर’ नव्हे

नवा लिनक्स सर्व्हर हाती येतो, आयपी पत्ता पाहायला बोटं आपसूक ‘इफकॉन्फिग’ टाइप करतात आणि उत्तर येतं: कमांड नॉट फाउंड. जुन्या माणसांना हा प्रसंग चांगला ठाऊक आहे.

त्या नावातला ‘इफ’ म्हणजे ‘जर’ नव्हे, इंटरफेस. ‘कॉन्फिग’ म्हणजे मांडणी करणं. पत्ता विचारण्यासाठी ही कमांड जन्मलीच नव्हती. यंत्र सुरू होताना नेटवर्क कार्डाला पत्ता नेमून देणं हे तिचं काम. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून 1983 साली आलेल्या 4.2 बीएसडी या युनिक्समध्ये ती होती. इंटरनेटचं पूर्वरूप असलेलं अर्पानेट टीसीपी-आयपीवर गेलं तेही याच वर्षी, 1 जानेवारीला. इंटरफेसचं नाव देऊन पुढे काही लिहिलं नाही, तर ती असलेली मांडणी दाखवायची. हा तिचा जोडधंदा. पुढे पत्ते वाटण्याचं काम डीएचसीपीने उचललं आणि बहुतेकांसाठी जोडधंदा तेवढा उरला.

लिनक्सवर ती नेट-टूल्स या संचातून नांदली. तिची समजूत मात्र जुनीच: एका कार्डाला एक पत्ता. दुसरा हवा असेल तर ‘इथ-शून्य’ या कार्डाच्या नावापुढे विसर्गासारखी दोन टिंबं आणि आणखी एक शून्य लावून खोटं कार्ड उभं करायचं. 1999 साली आलेल्या 2.2 कर्नलमध्ये नेटवर्किंगची नव्याने बांधणी झाली. त्यासाठी रशियातल्या अलेक्सेई कुझनेत्सोव्ह यांनी आयपी-रूट-टू हा संच लिहिला. त्यातली ‘आयपी’ ही कमांड कर्नलशी नेटलिंक नावाच्या वेगळ्या वाटेने बोलते. एका कार्डाला चार पत्ते दिले तर चारही सांगते. तिने असे जोडलेले जादा पत्ते इफकॉन्फिगला दिसतच नाहीत. अडचण म्हाताऱ्या कमांडच्या वयाची नाही. ती अर्धवट सांगते आणि ते कळूही देत नाही, ही आहे.

तरी बोटांची सवय सुटायला वेळ लागला. डेबियनने 2017 च्या नवव्या आवृत्तीत नेट-टूल्स आपोआप बसवणं सोडलं, तेव्हा कुठे लोक नाइलाजाने ‘आयपी ए’कडे वळले. दोन शब्द मिळून तीन रोमन अक्षरं. उत्तरात सगळ्यात वर ‘लो’ दिसतं, 127.0.0.1: यंत्राने स्वतःलाच हाक मारण्याचा पत्ता. तो सोडून खाली यायचं; ‘इनेट’ शब्दापुढे आपला आकडा असतो आणि इफकॉन्फिगमधल्या 255.255.255.0 या नेटमास्कऐवजी त्याच्या शेपटीला तिरकी रेघ आणि 24.