गमबूट, लाल जहाज आणि शंभर माणसे : अंटार्क्टिकाच्या सागरी सफरींचा इतिहास

अंटार्क्टिकाची सागरी सफर आज बहुधा अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकावरील उशुआया बंदरातून सुरू होते. मोसम नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे तिथला उन्हाळा. या दिवसांत अंटार्क्टिक द्वीपकल्पावर तापमान शून्याच्या आसपास असते. हाडे गोठवणारी थंडी आतल्या पठारावर असते, तिथे ही जहाजे जात नाहीत. प्रवाशाची खरी परीक्षा थंडीआधी ड्रेक सामुद्रधुनी घेते. दक्षिण अमेरिका आणि द्वीपकल्प यांच्यामधला हा सुमारे ८०० किलोमीटरचा उघडा समुद्र ओलांडायला दोन दिवस लागतात, आणि कसलेल्या माणसालाही तिथे बोट लागते. त्या दोन दिवसांत जहाजावर व्याख्याने होतात. कोटाचे खिसे, पिशव्यांच्या शिवणी आणि बुटांचे तळ तपासून एकेक बी टिपून काढले जाते. किनाऱ्याजवळ पोचल्यावर गमबूट जंतुनाशक पाण्यात बुडवूनच रबरी होडीत पाय ठेवता येतो. पेंग्विनपासून पाच मीटर अंतर राखावे लागते, जमिनीवर बसता येत नाही, आणि वारा फिरला तर ठरलेला किनारा सोडून परतावे लागते. या रीती कोणी एका बैठकीत बसून ठरवलेल्या नाहीत. साठ-सत्तर वर्षांत एकेका अनुभवातून, आणि पुष्कळदा एकेका अपघातातून, त्या जमत गेल्या.

पर्यटकांच्या आधी या पाण्यात शिकारी आले होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सील मारणाऱ्या टोळ्यांनी दक्षिण शेटलंड बेटांचे किनारे दोन-चार वर्षांत ओस पाडले. पुढे देवमाशांची पाळी आली. १९०४ मध्ये नॉर्वेच्या कार्ल अँटन लार्सन यांनी दक्षिण जॉर्जिया बेटावर ग्रिटविकेन येथे देवमाशांच्या तेलाचा कारखाना उभारला. डिसेप्शन बेटावरचा हेक्टर कारखाना १९१२ ते १९३१ पर्यंत चालला. आज सफरीतले प्रवासी जिथे उतरतात त्यांतली कित्येक ठिकाणे ही त्या धंद्याचीच अवशेषस्थळे आहेत. गंजलेल्या तेलाच्या टाक्या, वाळूत रुतलेल्या लाकडी होड्या, देवमाशांची पांढरी पडलेली हाडे तिथे अजून दिसतात. ग्रिटविकेनच्या लहानशा दफनभूमीत ध्रुवसंशोधक अर्नेस्ट शॅकल्टन यांची कबर आहे. १९२२ च्या जानेवारीत त्याच बंदरात जहाजावर त्यांचा मृत्यू झाला. ज्या लमेर खाडीचे उंच कडे टिपायला आज सगळे प्रवासी डेकवर गर्दी करतात, तिच्यातून १८९८ मध्ये अद्रियाँ द जेर्लाश यांच्या मोहिमेचे ‘बेल्जिका’ जहाज गेले होते. त्याच मोहिमेने पुढे बर्फात अडकून अंटार्क्टिकातला पहिला हिवाळा काढला.

केवळ पाहण्यासाठी माणसे नेण्याची कल्पना रुजली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि तिच्या मुळाशी राजकारणही होते. द्वीपकल्पावर ब्रिटन, अर्जेंटिना आणि चिली या तिन्ही देशांचा दावा होता. ब्रिटनने १९४४ मध्ये पोर्ट लॉक्रॉय येथे तळ ठोकला तो आपला हक्क बजावण्यासाठीच. नागरिकांना नेऊन आणणे हाही ताबा दाखवण्याचा एक मार्ग होता. २२ डिसेंबर १९५६ रोजी चिलीच्या विमानाने ६६ प्रवाशांना दक्षिण शेटलंड आणि द्वीपकल्पावरून फिरवून आणले. १९५८ च्या उन्हाळ्यात अर्जेंटिनाच्या ‘लेस एक्लेरर्स’ या जहाजाने दोन फेऱ्यांत मिळून दोनशेच्या आसपास प्रवासी नेले. अंटार्क्टिकाच्या जहाज-पर्यटनाचा आरंभ सहसा याच फेऱ्यांपासून धरतात. पुढल्याच वर्षी, १ डिसेंबर १९५९ रोजी, बारा देशांनी अंटार्क्टिक करारावर सह्या केल्या. दावे गोठले, लष्करी हालचालींवर बंदी आली, विज्ञानाला मोकळीक मिळाली. पर्यटनाबद्दल मात्र करारात एक शब्दही नव्हता, कारण तेव्हा तो प्रश्न कोणालाच मोठा वाटत नव्हता.

आजच्या सफरीला तिचे रूप दिले ते लार्स-एरिक लिंडब्लाड यांनी. मूळचे स्वीडनचे असलेले लिंडब्लाड १९५१ मध्ये अमेरिकेत गेले आणि १९५८ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमध्ये प्रवासी कंपनी काढली. १९६६ च्या जानेवारीत अर्जेंटिनाच्या नौदलाचे ‘लापाताइआ’ हे जहाज भाड्याने घेऊन त्यांनी ५७ प्रवासी अंटार्क्टिकात नेले. त्याच वर्षी करारातील देशांच्या बैठकीत पर्यटनाच्या परिणामांचा विषय पहिल्यांदा निघाला. भाड्याच्या नौदल जहाजांवर लिंडब्लाड यांचे समाधान नव्हते. त्यांनी खास या कामासाठी फिनलंडच्या गोदीत जहाज बांधून घेतले, आणि १९६९ मध्ये ‘लिंडब्लाड एक्सप्लोरर’ पाण्यात उतरले. लांबी सुमारे ७३ मीटर, सामावणारे प्रवासी शंभराच्या आसपास, बर्फाशी टक्कर घेण्यासाठी मजबूत केलेला सांगाडा आणि दुरून ओळखू येणारा तांबडा रंग. दर्यावर्दी त्याला लाडाने ‘लहानगे लाल जहाज’ म्हणत.

या जहाजाने घालून दिलेली पद्धत त्याच्या आकारापेक्षा महत्त्वाची ठरली. अंटार्क्टिकात धक्के नाहीत. किनारा खडकाळ, पाणी कुठे उथळ तर कुठे बर्फाच्या तुकड्यांनी भरलेले. म्हणून जहाज दूर थांबवून हवा भरलेल्या रबरी होड्यांतून, झोडियाकमधून, दहा-बारा माणसे एका वेळी किनाऱ्यावर न्यायची, ही रीत लिंडब्लाड यांनी रूढ केली. होडीत चढताना खलाशाचा हात मनगटाशी पकडायचा, नुसता तळवा धरायचा नाही, हे आज प्रत्येक नवख्याला पहिल्या दिवशी शिकवतात. ओला हातमोजा निसटतो, मनगट निसटत नाही. दुसरी गोष्ट व्याख्यानांची. पक्ष्यांच्या मार्गदर्शक पुस्तकांमुळे ख्यात झालेले रॉजर टोरी पीटरसन आणि चित्रकार कीथ शॅकल्टन यांच्यासारखी माणसे या जहाजावरून प्रवाशांबरोबर हिंडली. जो प्रदेश माणसाने डोळ्यांनी पाहिला त्याच्या रक्षणासाठी तो उभा राहील, अशी लिंडब्लाड यांची धारणा होती. ती किती खरी ठरली यावर आजही वाद आहे. पण नाचगाणी आणि जुगाराच्या टेबलांऐवजी दिवसभर पक्षी, बर्फ आणि खडक यांवर बोलणारे जहाज ही त्यांचीच देणगी, आणि ती मोलाची आहे.

निसर्गाने मात्र या उत्साहाला लगेच समज दिली. १९७२ च्या फेब्रुवारीत हे लाल जहाज किंग जॉर्ज बेटाजवळ खडकावर चढले आणि प्रवाशांना चिलीच्या नौदलाने सोडवले. तिथल्या समुद्राचे नकाशे अपुरे होते; आजही काही खाड्यांची खोली नीट मोजलेली नाही. २८ नोव्हेंबर १९७९ रोजी एअर न्यूझीलंडचे हवाई सहलीचे विमान अंटार्क्टिकातल्या माउंट एरेबसवर आदळून २५७ जण दगावले. हवाई सहलींना त्याने मोठा तडाखा बसला आणि पर्यटनाचा भार जहाजांवरच राहिला. २८ जानेवारी १९८९ रोजी अर्जेंटिनाच्या नौदलाचे ‘बाहिया परायसो’ हे रसद नेणारे जहाज अमेरिकेच्या पामर तळाजवळ खडकावर फुटले. त्यावर पर्यटकही होते. जीवितहानी झाली नाही, पण सुमारे सहा लाख लिटर तेल पक्ष्यांच्या वसाहतींशेजारच्या पाण्यात पसरले. त्या जहाजाचा सांगाडा अजून तिथेच आहे.

या गळतीने डोळे उघडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. त्या वेळी अंटार्क्टिकात खाणी काढू द्याव्यात का, याची चर्चा रंगात होती. ४ ऑक्टोबर १९९१ रोजी माद्रिदमध्ये पर्यावरणरक्षणाचा पूरक करार मान्य झाला, खनिजे काढण्यावर बंदी आली आणि १९९८ पासून तो अमलात आला. त्याच १९९१ मध्ये सात प्रवासी कंपन्यांनी एकत्र येऊन अंटार्क्टिक सहल-चालकांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली. एका वेळी एका ठिकाणी शंभरापेक्षा जास्त माणसे उतरवायची नाहीत, एका किनाऱ्यावर एका वेळी एकच जहाज, पाचशेहून अधिक प्रवासी असलेल्या जहाजातून कोणालाच उतरवायचे नाही, हे नियम धंद्यानेच स्वतःवर घालून घेतले. धंदा करणाऱ्यांनी स्वतःला इतका आवर घातल्याची उदाहरणे थोडी आहेत, आणि त्याचे श्रेय त्यांना द्यायला हवे.

याच सुमारास सोव्हिएत संघ कोसळला आणि त्याची संशोधन जहाजे कामाविना उभी राहिली. बर्फासाठी बांधलेली, दणकट, कुशल खलाशांनी भरलेली ही जहाजे पाश्चात्त्य कंपन्यांनी भाड्याने घेतली. खोल्या साध्या, जेवण बेताचे, पण कप्तान बर्फ ओळखणारे. ‘कपितान ख्लेब्निकोव्ह’ या रशियन बर्फफोड्या जहाजाने १९९६-९७ मध्ये पर्यटकांना घेऊन अंटार्क्टिकाला पूर्ण फेरी घातली. पोर्ट लॉक्रॉयचा पडीक ब्रिटिश तळ १९९६ मध्ये दुरुस्त करण्यात आला. आता तिथे संग्रहालय आहे आणि टपाल कचेरीही. प्रवासी तिथून घरी पत्रे धाडतात. या चिमुकल्या बेटावर जेंटू पेंग्विनांची वसाहत आहे. बेटाचा एक भाग पर्यटकांना बंद ठेवून दोन्ही भागांतल्या पिलांची दरवर्षी मोजणी होते, म्हणजे माणसांच्या वावराचा परिणाम ताडून पाहता येतो.

लाल जहाजाची कथा २००७ मध्ये संपली. मालक बदलले होते, नाव नुसते ‘एक्सप्लोरर’ उरले होते. २३ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतर ब्रान्सफील्ड सामुद्रधुनीत कठीण बर्फाने त्याचा सांगाडा फाडला. १५४ माणसे उघड्या जीवरक्षक होड्यांत उतरली आणि काही तास गारठ्यात लाटांवर हेलकावत राहिली. समुद्र त्या दिवशी शांत होता, आणि ‘नॉर्डनोर्गे’ हे नॉर्वेचे जहाज जवळपास होते. त्याने सगळ्यांना उचलले. त्याच वर्षी जानेवारीत डिसेप्शन बेटाजवळ खडकाला लागलेल्या दुसऱ्या जहाजाचे प्रवासीही याच ‘नॉर्डनोर्गे’ने नेले होते. एकही जीव गेला नाही, पण मदतीला दुसरे जहाज दूर असते आणि वारा सुटला असता तर काय झाले असते, हा प्रश्न सर्वांनाच पडला. जहाज त्याच दिवशी बुडाले.

त्यानंतर नियम कडक झाले. शंभर आणि पाचशेची मर्यादा २००९ मध्ये करारातील देशांनीही ठरावाने स्वीकारली. १ ऑगस्ट २०११ पासून या समुद्रात जड इंधनतेल नेण्या-वापरण्यास बंदी आली, आणि नुसते पाहून परतणाऱ्या अजस्र जहाजांच्या फेऱ्या लगेच घटल्या. १ जानेवारी २०१७ पासून ध्रुवीय समुद्रांसाठी जहाजबांधणी, प्रशिक्षण आणि बचावसाधनांची आंतरराष्ट्रीय संहिता लागू झाली. आजच्या सफरीत पहिल्याच दिवशी होणारी जीवरक्षक होड्यांची कवायत प्रवाशाने गांभीर्याने घ्यायला हवी ती याच इतिहासामुळे.

गमबूट धुण्यामागे वेगळी कथा आहे. किंग जॉर्ज बेटावरील पोलंडच्या तळापाशी १९८५ मध्ये परके गवत उगवलेले आढळले आणि ते उपटून काढायला पुढे बरीच वर्षे खपावे लागले. दक्षिण जॉर्जियावर शिकारी जहाजांतून आलेल्या उंदरांनी जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी-पिले संपवत आणली होती. मोठ्या मोहिमेनंतर २०१८ मध्ये ते बेट उंदीरमुक्त जाहीर झाले. २०२३ च्या अखेरीस तिथे बर्ड फ्लू पोचला, आणि या साथीमुळे किनाऱ्यावर बसणे, गुडघे टेकणे, पिशवी खाली ठेवणे यांनाही मनाई झाली.

भारताचा या खंडाशी संबंध विज्ञानातून जुळला, आणि त्याची सुरुवात गोव्यातून झाली. ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची पहिली भारतीय मोहीम मार्मागोव्याहून ‘पोलर सर्कल’ या नॉर्वेच्या जहाजातून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आज या मोहिमांचे काम पाहते. मुंबई-पुण्याच्या सहल कंपन्यांच्या यादीत आता अंटार्क्टिकाही असते. भारताने २०२२ मध्ये अंटार्क्टिक कायदा केला आणि भारतातून निघणाऱ्या मोहिमांना परवान्याची अट आली.

१९९० च्या दशकाच्या आरंभी वर्षाला सहा-सात हजार पर्यटक तिथे जात. २०२३-२४ च्या मोसमात हा आकडा सुमारे १ लाख २२ हजारांवर गेला, आणि त्यांतल्या जे जमिनीवर उतरले त्यांच्यापैकी बहुतेकांची पावले द्वीपकल्पाच्या मोजक्याच किनाऱ्यांवर पडली. मे २०२४ मध्ये कोची येथे भरलेल्या करार-देशांच्या बैठकीत पर्यटनासाठी सर्वंकष चौकट आखण्याचे काम सुरू झाले. २००९ चा ठराव तोवरही सर्व देशांच्या मंजुरीअभावी बंधनकारक झालेला नव्हता. एका वेळी किनाऱ्यावर शंभर माणसे, एवढे ठरले आहे. एका मोसमात एकंदर किती माणसांनी जावे, याची मर्यादा त्या बैठकीपर्यंत कोणीच घातलेली नव्हती.