यादवी

अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या युद्धाला आपण मराठीत 'यादवी युद्ध' म्हणतो. शाळेत हा शब्द इतक्या वेळा घोकलाय की त्यातले यादव दिसेनासे झाले होते. हल्ली त्या काळाबद्दल थोडं वाचतोय, आणि वाटतं की शब्द अगदी नेमका आहे. मौसलपर्वातली गोष्ट आठवते ना? शापातून जन्मलेलं लोखंडी मुसळ यादवांनी कुटलं, त्याचा भुगा समुद्रात टाकला, आणि सुटलो म्हणाले. पुढे त्याच किनाऱ्यावरचे लव्हाळे उपटून ते एकमेकांवर तुटून पडले, तेव्हा हातातल्या प्रत्येक लव्हाळ्याचं मुसळ झालं.

अमेरिकेचं मुसळ म्हणजे गुलामगिरी. १७८७ मध्ये राज्यघटना लिहिली गेली तेव्हा ती सगळ्यांना दिसत होती. पण गंमत बघा, मूळ घटनेत 'गुलाम' हा शब्दच नाही! प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलामांना तीन-पंचमांश धरायचं, पळून दुसऱ्या राज्यात गेलेल्याला परत करायचं, हे सगळं आहे. फक्त आडवळणाने. शब्दाचा भुगा करून समुद्रात टाकलेला.

पुष्कळांना वाटत होतं की ही प्रथा हळूहळू आपोआप मरेल. तेवढ्यात १७९३ मध्ये एली व्हिटनीचं सरकी काढायचं यंत्र आलं आणि कापसाला सोन्याचे दिवस आले. १८६० च्या जनगणनेत जवळजवळ ४० लाख माणसं गुलाम म्हणून मोजली गेली. उत्तरेतल्या गिरण्याही त्याच कापसावर चालत होत्या. १८२० मध्ये नकाशावर एक रेघ ओढून पश्चिमेकडचा नवा मुलूख वाटून घेतला. तुमचं तुमच्याकडे, आमचं आमच्याकडे.

मग युद्ध का झालं? 'राज्यांच्या हक्कांसाठी', असं उत्तर अजूनही ऐकू येतं. मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण १८५० चा 'फ्युजिटिव्ह स्लेव्ह अ‍ॅक्ट'.

पळून उत्तरेत आलेल्या गुलामाला परत पाठवायचा हा केंद्राचा कायदा. पकडलेल्याला ज्यूरी नाही, स्वतःच्या बाजूने साक्ष द्यायची सोय नाही. त्याला मालकाकडे धाडलं तर कमिशनरला १० डॉलर, सोडलं तर ५. कागदपत्रं जास्त लागतात, हे त्यामागचं अधिकृत कारण! आणि रस्त्यावरच्या कुठल्याही माणसाला पकडायच्या कामात मदतीला बोलावता येई. पळालेल्याला आसरा दिला तर १००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. आतापर्यंत 'तिकडे दक्षिणेत काय ते' म्हणणाऱ्याच्या दारात गुलामगिरी येऊन उभी राहिली.

बॉस्टनच्या आसपास राहणाऱ्या आपल्या मंडळींना कोर्ट स्क्वेअर ठाऊक असेल. २४ मे १८५४ ला अँथनी बर्न्स नावाच्या तरुणाला पकडून तिथल्या कोर्टात ठेवलं. व्हर्जिनियातून पळून येऊन तो एका कपड्याच्या दुकानात काम करत होता. दोन दिवसांनी त्याला सोडवायला जमाव कोर्टावर चालून गेला, त्यात एक पहारेकरी मेला. शेवटी २ जूनला लष्कराच्या बंदोबस्तात त्याला बंदरावर नेलं. रस्त्याच्या दुतर्फा सुमारे ५०,००० माणसं उभी होती, इमारतींवर काळी कापडं लटकत होती. एका माणसाला जहाजावर चढवायला एवढं सैन्य! पुढच्या वर्षी बॉस्टनच्या लोकांनी पैसे जमवून त्याला विकत घेतलं आणि मुक्त केलं. तो पुढे धर्मोपदेशक झाला.

पण त्या दिवशी रस्त्यावर उभ्या राहिलेल्या कित्येकांना परत पूर्वीसारखं घरी जाता आलं नसणार. त्याच आठवड्यात, ३० मेला, १८२० ची रेघ पुसणारा कॅन्सस-नेब्रास्काचा कायदाही झाला होता. पुढे कॅन्ससमध्ये रक्त सांडलं. १८५६ मध्ये तर सिनेटच्या सभागृहात दक्षिणेच्या एका प्रतिनिधीने सिनेटर समनरला काठीने बेशुद्ध होईपर्यंत मारलं. मेथडिस्ट आणि बॅप्टिस्ट चर्चं याच प्रश्नावर आधीच दुभंगलेली होती.

१८६० मध्ये लिंकन निवडून आला. असलेली गुलामगिरी मोडीन असं तो म्हणतही नव्हता, फक्त ती पसरू देणार नाही म्हणत होता. तरी २० डिसेंबरला साउथ कॅरोलायना फुटून निघाली. तिचं जाहीर निवेदन जरूर वाचा. एक मोठी तक्रार अशी, की मॅसॅच्युसेट्ससारखी उत्तरेतली राज्यं स्वतःचे कायदे करून पळालेले गुलाम परत देत नाहीत. म्हणजे उत्तरेच्या राज्यांनी आपला हक्क बजावला, हाच राग! आता सांगा, भांडण कशाचं होतं?

युद्धात सहा लाखांहून अधिक सैनिक गेले. २०११ च्या एका अभ्यासानुसार तर साडेसात लाखांच्या आसपास.

आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये पुस्तक लिहिलं, ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. नाव सरळ ठेवलं, 'गुलामगिरी'. तिकडे राज्यघटनेत तो शब्द पहिल्यांदा आला १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीत, गुलामगिरी रद्द करताना. एक शब्द लिहायला अठ्ठ्याहत्तर वर्षं लागली, आणि मधे एवढी माणसं मेली.

आपणही घरात, गावात, देशात कुठले शब्द असे कुटून समुद्रात टाकलेत, हा विचार काही केल्या डोक्यातून जात नाही.