पाटील मास्तर आणि लक्ष्मीबाईंची चूल



दिवाळी सरली की आमच्या घरी रोज संध्याकाळी एकच वाद. सूर्यास्त सहाच्या आत आणि धाकटीचा नववीचा क्लास साडेपाच ते साडेसात. मी भाकरी तव्यावर टाकते तोवर ती सायकल काढते. परवा सासूबाई वैतागून म्हणाल्या, "आमच्या वेळी कुठं होत्या गं या शिकवण्या?"

होत्या की! शंभर वर्षांपूर्वी साताऱ्यात शिकवण्या घेणारे एक मास्तर तर आपल्याच समाजातले होते. बाहुबलीला जाताना लागतं त्या कुंभोजला १८८७ साली जन्मलेले भाऊराव पाटील. आपण त्यांना कर्मवीर अण्णा म्हणून ओळखतो, पण साताऱ्यात आधी ते 'पाटील मास्तर' होते. स्वतःचं शिक्षण इंग्रजी सहावीपर्यंतच. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगातून सोवळ्याओवळ्याच्या नियमांवरून बाहेर पडावं लागलेलं. तरीही लोक आपली मुलं त्यांच्याकडे पाठवत आणि त्या शिकवण्यांवर त्यांचा संसार चाले.

पुढे किर्लोस्करांचे नांगर विकायला ते खेडोपाडी हिंडले. शिकवणीला येतात ती ज्यांच्या घरी फी द्यायला पैसे आहेत त्यांची मुलं. बाकीच्यांनी कुठं जायचं? १९१९ साली कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातिधर्मांच्या मुलांचं एकत्र वसतिगृह सुरू केलं. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळालं.

हे सगळं शाळेच्या पुस्तकात असतं. मला मात्र चुलीपाशी कोण होतं, ते आधी आठवतं.

लक्ष्मीबाई कुंभोजच्याच, खात्यापित्या पाटील घराण्यातल्या, सोवळ्यात वाढलेल्या. आपल्या आज्ज्यांचं सोवळं आठवा, म्हणजे त्यांना काय ओलांडावं लागलं असेल ते कळेल. त्यांच्या घरात महार, मांग, मुसलमान, मराठा, जैन अशी सगळी मुलं एका पंगतीला बसू लागली आणि लक्ष्मीबाई त्यांच्या आई झाल्या. मुलांच्या जेवणासाठी त्यांचे दागिने एकेक करून गेले. एकदा बोर्डिंगात धान्य संपलं, हातात पैसा नाही, तेव्हा त्यांनी गळ्यातलं मंगळसूत्रही काढून दिलं. १९३० साली त्या गेल्या. अण्णा १९५९ पर्यंत होते, पद्मभूषण झाले, संस्थेचा वटवृक्ष झाला. लक्ष्मीबाईंना त्यातलं फार थोडं बघायला मिळालं.

खरं सांगू, मंगळसूत्राची ही गोष्ट लहानपणी ऐकली तेव्हा मला त्यांचा राग यायचा. बायकोच्या गळ्यापर्यंत कशाला जायचं? आता वाटतं, ती मुलं त्यांचीही होती, हे मीच विसरत होते.

सासूबाईंना मी हे सगळं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पाचलाच स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज आला. बघते तर त्यांनी भाकरी, मुगाची उसळ असा डबा भरलेला आणि धाकटीला दारातच अडवलेलं. "दोन घास खाऊन जा. राहिलेलं क्लासच्या पायरीवर बसून खा, ऊन आहे तोवर."

डबा दोघींचा होता. तिच्या मैत्रिणीच्या घरी संध्याकाळी कुणी नसतं, हे त्यांना माहीत होतं, मला नव्हतं.